शेवटचा आवाज आणि धाकटी बहीण

उस्तिन्या गेली तेव्हा आमच्या कामचात्काच्या किनाऱ्यावर साल्मन मासा नुकता नदीत चढायला लागला होता. सगळं गाव जाळी टाकण्याच्या गडबडीत, तरी माती द्यायला झाडून सारे आले. जिल्ह्याहून संस्कृती खात्याचे वेनियामिन साहेब हेलिकॉप्टरने आले. एरवी डॉक्टर हवा असला की हेलिकॉप्टरला धुकं आड येतं. त्या दिवशीही धुकं होतं, पण आड आलं नाही.

साहेबांनी टोपी काढली. "इतेलमेन भाषा बोलणारा शेवटचा आवाज आज थांबला," असं म्हणून त्यांनी रुमाल शोधायला खिशात हात घातला. तेवढ्यात मागून उस्तिन्याची धाकटी बहीण, ग्लिकेरिया मावशी, काहीतरी बोलली. इतेलमेनमध्ये. साहेबांनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही जमिनीकडे पाहिलं, कारण आम्हालाही काही कळलं नव्हतं. मग तिने रशियनमध्ये सांगितलं, "भाषा हिच्याबरोबर संपली म्हणता, तर परवापर्यंत मी हिच्याशी काय भुंकत होते?"

मावशीला कोणी जमेत धरलं नव्हतं, कारण चारचौघांत ती ही भाषा कधी बोललीच नव्हती. लहानपणी शाळेच्या वसतिगृहात "भूक लागली" असं आपल्या भाषेत म्हणाली, म्हणून तिला उपाशी ठेवलं. तेव्हापासून भाषा फक्त मासे वाळवायच्या मांडवाखाली, बहिणीपुरती. मावशीच्या युक्रेनी नवऱ्याला शेवटपर्यंत वाटायचं, की या दोघी तिथे बसून आपलीच निंदा करतात. ते खरंही होतं.

अडचण अशी, की स्मारकाचा दगड आधीच कोरून झाला होता: 'इतेलमेन बोलणारी शेवटची व्यक्ती'. उस्तिन्याने अंथरूण धरलं तेव्हाच खात्याने तयारी केली होती. साहेब मावशीच्या घरी आले. तिने चहा ठेवला, वाळवलेला मासा पुढे केला.

"मावशी, शरदाच्या सणाला अनावरण आहे. मोठे पाहुणे येतील. तोवर तुम्ही जरा..."

"जरा काय?"

"जरा कमी बोला."

"किती कमी?"

"म्हणजे त्या भाषेत नकोच. समारंभ उरकला की बोला हवं तेवढं."

"वसतिगृहातल्या बाई निदान माझं जेवण बंद करायच्या," मावशी म्हणाली. "तुम्ही तर माझाच मासा खाऊन मला गप्प बसवताय."

साहेबांनी तुकडा खाली ठेवला. थोड्या वेळाने पुन्हा उचलला. मासा चांगला होता.

दुसऱ्या दिवशी मावशीने दुकानात जाऊन इतेलमेनमध्ये पाव मागितला. दुकानदारीण झोयाने साबण दिला. मावशीने पुन्हा मागितला, झोयाने मेणबत्त्या काढल्या. रांग खोळंबली. तेव्हा मागून सार्वजनिक न्हाणीघराची भट्टी पेटवणारा नाझार खेकसला, "अगं पाव मागतेय ती, पाव!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. मावशी म्हणाली, "मेल्या, तुला येते? मग इतकी वर्षं दातखीळ बसली होती काय?"

"कुणाशी बोलणार? मला वाटलं, मी एकटाच उरलोय."

मावशी त्याच्याकडे बघतच राहिली. मग त्याला इतेलमेनमध्ये काहीतरी विचारलं, त्याने उत्तर दिलं, आणि ती कपाळाला हात लावून म्हणाली, "शी! काय हे उच्चार! वरच्या गावचा ना तू?"

सणाच्या दिवशी दोघं पहिल्या रांगेत बसून कुठल्याशा कंदाच्या नावावरून कडाकडा भांडत होती. साहेबांनी कापड ओढलं, पण पाहुण्यांची तोंडं भांडणाकडे.

"हे कुठली भाषा बोलताहेत?" एका पाहुण्याने विचारलं.

"बाहेरगावचे आहेत," साहेब म्हणाले, आणि टाळ्या वाजवायला लागले.

दगड आहे तिथेच आहे. अहवालात भाषा संपली, म्हणून शाळेतला त्या भाषेचा नावापुरता चालणारा वर्गही बंद झाला. मावशी मात्र आता दुकानात ज्याला त्याला शब्द म्हणायला लावते आणि चुकला की पुन्हा म्हणवून घेते. त्यामुळे लोक आधी खिडकीतून डोकावतात, ती आत नाही याची खात्री करतात आणि मगच दार उघडतात. झोयाला पळायला जागा नाही. तिला मीठ, पीठ, काड्यापेटी, सगळं इतेलमेनमध्ये म्हणता यायला लागलंय.