कच्च्या मातीची घागर

माझी शाळा घरातच भरते. एक फळा, एक पलंग, एक विद्यार्थिनी. विद्यार्थिनी माझीच मुलगी, आणि बाई म्हणजे मी, गल्लीच्या मते जरा डोक्यावर पडलेली. नवागामात आमच्या आजूबाजूला सगळी खानदेशातून आलेली माणसं. पुरुष कापडाच्या लूमवर, बाया घरी बसून साड्यांना टिकल्या लावणार, मुलं सकाळी दप्तर पाठीला अडकवून शाळेत. माझी तेवढी जात नाही. "एवढं डीएड केलं, तर चार लोकांची पोरं शिकव की," असं एकीनं मला तोंडावर सुनावलं होतं. मी तिला चहा दिला. उत्तर तिला माहीत होतं.

मुलीच्या आधी मला एक मुलगा होता. तो शाळेतून ताप घेऊन घरी आला आणि त्याच आठवड्यात गेला. शाळेचा दोष नव्हता, डॉक्टरांचाही नव्हता, आणि डासाला कोण काय बोलणार. पण त्यानंतर मुलीचं दप्तर भरायला माझा हात धजावेना. लोकांना मी सांगते की हातानं करून शिकलेलं डोक्यात पक्कं बसतं. ते खोटं नाही. पण मला भीती वाटते, हे त्याहून खरं आहे.

यंदा चैत्रात ती, तो गेला त्या वयाची झाली. ती त्याच्यासारखी एक पाय दुमडून जेवायला बसली की सासूबाई ताटावरून नजर उचलायच्या नाहीत, आणि यांचा घास तोंडापाशी थांबायचा. आणि अखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आधीच्या रविवारी तिला ताप भरला.

"टाइफॉइड छे, बेन," डॉक्टर त्यांच्या गुजरातीत म्हणाले. "पाणी उकाळीने ज पिवडावजो. आराम करावजो." आराम म्हणे. ही पोरगी झोपेतसुद्धा स्वस्थ पडत नाही. आणि खरं सांगायचं तर ती गप्प पडली की मलाच सहन होत नव्हतं. घरात शांतता झाली की मला दुसऱ्या पलंगावरचा श्वास ऐकू येई. दुसरा पलंग आम्ही कधीच देऊन टाकला आहे. म्हणून मी ठरवलं, शाळा बंद ठेवायची नाही. शाळाच पलंगावर आणायची.

सोमवारी खिडकीच्या गजाची सावली चादरीवर कुठवर सरकते ते खडूनं मांडलं. तिनं दोन रंगांच्या रेघा ओढल्या. दुसरी कोणाची, मी विचारलं नाही. मंगळवारी ओल्या फडक्यात मेथी भिजवली. तिनं दोन डब्या मागितल्या. मी दिल्या. एक तिच्या उशाशी राहिली, दुसरी भिंतीकडच्या बाजूला, जिथे त्याचा पलंग असायचा. दुपारी मी औषध घेऊन आत आले तेव्हा ती त्या बाजूला तोंड करून हळू आवाजात काहीतरी समजावत होती. मला पाहून थांबली. मी थर्मामीटर काढला, कारण हातांना काहीतरी काम हवं होतं.

बुधवारी माती आणली. हे चलथाणला कुणाकडे मशीन बघायला गेले होते, येताना रस्त्यावरच्या कुंभाराकडून पिशवीभर कालवलेली माती घेऊन आले. मोबाइलवर मी एक व्हिडिओ पाहिला होता: मुलांना मापं शिकवायची तर त्यांच्याकडून भांडी करून घ्या. मला त्यातून कल्पना सुचली आणि मी स्वतःवरच खूश झाले. "घरातल्या प्रत्येकाचं एक मडकं कर," मी तिला सांगितलं. "ज्याला जेवढी तहान, तेवढं मोठं. मग कोणात किती पेले मावतात ते बघू."

ती उशीला टेकून बसली. ताप होता, पण डोळे चमकत होते. आधी पप्पांचं केलं, लूमवरून आल्यावर ते तांब्याच तोंडाला लावतात म्हणून सगळ्यात मोठं. मग आजीचं, बसकं. मग माझं. "मम्मी, जो ने, बघ ना, तुझं वाकडं झालं," म्हणाली. मी म्हटलं, बरोबर आहे, आईवरच गेलं. शेवटी तिनं एक अगदी छोटं केलं आणि त्याच्या गळ्याभोवती जरीचा दोरा गुंडाळला. हा दोरा यांनी तिला कारखान्यातून आणून दिला होता आणि ती तो कोणाला हातही लावू देत नसे. मी सगळी मडकी खिडकीत ओळीनं वाळत ठेवली. मग ती दमून झोपली.

सासूबाई भाजी घेऊन आल्या, खिडकीकडे पाहिलं आणि पिशवी हातातच राहिली.

"हाई काय मांडी ठेवेल शे व माय?"

"मापं शिकवतेय तिला. आपल्या सगळ्यांची मडकी आहेत, प्रत्येकाच्या नावाचं एक."

त्या खाली बसल्या. आणि तेव्हा, इतकी शिकलेली मी, मला कळलं मी काय केलं होतं. अखाजीला आमच्यात घागर भरतात. मातीची घागर, गळ्याला दोरा, वर खरबूज, आंबा, सांजोरी. गेलेल्या माणसाच्या नावानं. त्या दिवशी गेलेलं माणूस पाणी प्यायला येतं, असं आमच्याकडे मानतात. आणि मी अखाजी तोंडावर आलेली असताना जिवंत माणसांच्या नावाच्या घागरी करून खिडकीत मांडल्या होत्या. तापात असलेल्या पोरीच्या हातून.

"जित्या माणसंसना नावनी घागर मांडतस का कोणी?" सासूबाईंचा आवाज चढला नाही. चढला असता तर मी भांडले असते. भांडण मला छान जमतं.

मी म्हटलं, "आई, माती आहे ती. खेळ आहे." आणि स्वयंपाकघरात जाऊन पाणी उकळायला ठेवलं. पण त्या दुपारनंतर ताप चढला. टायफॉइडचा ताप दुपारनंतर चढतोच, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. मी ते स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होते. पट्ट्या बदलत होते आणि नजर खिडकीकडे जात होती. त्या ओळीतल्या शेवटच्या छोट्या मडक्यावर ऊन पडलं होतं आणि जरी चमकत होती. गळ्याला दोरा. तिचा लाडका दोरा. मला वाटलं, पोरीनं स्वतःच्या हातानं स्वतःची घागर करून ठेवली. कोणीतरी तिच्याकडून करून घेतली, असंही वाटलं. भिंतीकडे तोंड करून ती कोणाशी बोलते, हे मला माहीत होतं. आपल्याच पोराची भीती वाटणं काय असतं हे मी कोणाला सांगू शकत नाही. मला त्या दुपारी त्याची भीती वाटली. तो तिला न्यायला आला असं वाटलं.

मी उठले आणि ते छोटं मडकं जमिनीवर आपटलं. मग बाकीचीही. तोवर ती उन्हात वाळून कडक झाली होती, फटाफट फुटली.

मुलगी जागी झाली. तुकड्यांकडे बघत राहिली.

"दोऱ्याचं पण फोडलं?"

"तुझं नको होतं ते," मी म्हटलं. मला धाप लागली होती. "तुझं मडकं या घरात नको."

"माझं कुठे होतं?" ती म्हणाली. "माझं तर मी केलंच नाही, माती संपली. ते दादाचं होतं. तू म्हणालीस ना, घरातल्या प्रत्येकाचं."

दारात सासूबाई उभ्या होत्या. त्या दरवर्षी सासऱ्यांची घागर भरतात. माझ्या मुलाची त्यांना कधी भरू दिली नाही, मी. तो गेल्यानंतरच्या पहिल्या अखाजीला त्यांनी छोटं मडकं आणलं होतं, ते मी बाहेर नेऊन ठेवलं आणि म्हटलं, माझ्या घरात त्याच्या नावाचं पाणी भरायचं नाही. भरलं की तो गेला हे मान्य करावं लागतं. सासूबाईंनी त्या बुधवारी पहिल्यांदा म्हटलं, "पोऱ्या पाणीबिगर बठेल शे, माय." एवढंच, आणि झाडू आणायला गेल्या.

मी त्यांच्या हातातून झाडू घेतला. तुकडे गोळा करायला बसले आणि मला रडू आलं, चांगलं मोठ्यानं, शेजारच्या टिकल्यावाल्या बायांना ऐकू जाईल असं. मुलगी पलंगाच्या कडेला सरकली.

"मम्मी, कच्चं आहे ना ते. भाजलेलं कुठे आहे? पाण्यात भिजत घाल, परत माती होते."

मी तुकडे बादलीत भिजत घातले. पप्पांचं, आजीचं, माझं, त्याचं, सगळं एकत्र. दुसऱ्या दिवशी वरचं पाणी ओतून गाळ फडक्यावर पसरला, आणि तो हाताला लागायचा थांबला तेव्हा मी मळायला बसले. मुलगी पलंगावरून सूचना देत होती, आता ती बाई आणि मी विद्यार्थिनी. माझं मडकं अर्थात वाकडंच झालं. तिनं तुकड्यांतून सोडवून ठेवलेला दोरा दिला, मी तो गळ्याभोवती गुंडाळला. भाजायला वेळ नव्हता आणि भट्टीही नव्हती.

अखाजीला तिचा ताप उतरणीला लागला होता. सासूबाईंनी सासऱ्यांची घागर मांडली, तिच्याशेजारी माझं वाकडं मडकं. पाणी मी ओतलं. उकळून, गाळून, गार केलेलं. मडक्यावर ठेवायला खरबूज फार मोठं, म्हणून आंब्याची एक फोड ठेवली, त्याला सालीसकट लागायची तशी. यांनी हात जोडले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

कच्ची माती पाणी धरत नाही. दुपारपर्यंत मडकं ओघळायला लागलं, मग कडेनं खचलं, आणि संध्याकाळी पाटावर नुसता दोरा, आंब्याची फोड आणि चिखल उरला.

"पिलं सगळं त्यानं," मुलगी म्हणाली, आणि भूक लागली म्हणून सांजोरी मागितली.

ती खाईपर्यंत मी पाटाशी बसून राहिले. मग चिखल उचलायला हात घातला. पोराला मी शेवटचा हात लावला तेव्हा त्याचं अंग तापानं भाजत होतं. इतकी वर्षं माझ्या तळहातात तीच धग होती. चिखल गार होता. मी हात तसाच ठेवला.