उर्दूत सांगितलं की ऐकणारे मौलवीसाब

आमचं गाव पोखर्णीपासून बैलगाडीनं तासाभराच्या वाटेवर. निजामाचं राज्य, त्यामुळे गावातली शाळा उर्दू. घरात, शेतात, पाणवठ्यावर सगळं मराठी, आणि शाळेचा उंबरा ओलांडला की अलिफ, बे. पहिल्या मौलवीसाबांनी आम्हाला वर्षभर छडीच्या तालावर डोलायला शिकवलं. डोलणं झकास जमलं, उर्दूच्या नावानं शंख.

मग नवे मौलवीसाब आले. तरुण, किडकिडीत, उन्हानं विटलेली शेरवानी. नोकरी कच्ची होती. तपासणीचे साहेब येऊन पोरांना पारखतील, मगच यांना ठेवायचं की हलवायचं ते ठरेल, असं पाटील चावडीवर सांगत होते.

पहिल्या दिवशी त्यांनी पुस्तक उघडलंच नाही. "बैठिए," म्हणाले आणि स्वतःच खाली बसले. "उठिए," म्हणाले आणि उठले. मग आमच्याकडे बोट केलं, आता तुम्ही सांगा. कोणीतरी भीत भीत "बैठिए" म्हणालं, तर मौलवीसाब खरंच बसले! त्या दिवशी आम्ही त्यांना इतकी उठबस करायला लावली की बिचाऱ्यांना घाम फुटला. घरी आमचं वासरूसुद्धा ऐकायचं नाही, आणि इथं अख्खा मास्तर हुकमात. मग काय, रोज नवा हुकूम सोडायचा म्हणून नवे शब्द आम्हीच मागून घ्यायला लागलो. खिडकी उघडा, पाणी प्या, लंगडी घाला.

पुढं मी स्वतः लहान मुलांना इंग्रजी शिकवलं, तेव्हा पुस्तक दिवाळीपर्यंत कपाटातच ठेवलं आणि पोरांच्या हुकमात उठबस केली. गुडघे अजून त्याची आठवण काढतात.

मराठी मात्र मौलवीसाबांना अजिबात कळायची नाही. खरंच कळत नाही, की कळू देत नाहीत? या प्रश्नानं माझं डोकं पोखरलं होतं. एकदा मी मुद्दाम मागून म्हणाले, "मौलवीसाब, तुमच्या पाठीवर इंचू हाय!" मान हलली नाही. मग मी "बिच्छू" म्हणाले तेव्हा ते टुणकन उडाले. माझी खात्री पटली. त्यानंतर मी त्यांच्यासमोरच त्यांच्या नाकाला खुशाल पोपटाची चोच म्हणायचे, आणि ते शांतपणे फळा पुसत राहायचे.

माझ्या वडिलांना उर्दू ऐकली की धडकी भरायची, कारण कचेरीत त्या भाषेतून त्यांना फक्त हुकूमच मिळायचे. माझा समज नेमका उलटा झाला होता. उर्दू ही मोठ्या माणसांनी आपलं ऐकायची भाषा, असं मी धरून चालले होते.

शुक्रवारी शाळेला सुट्टी असायची, म्हणून गुरुवारी आम्ही मुली शाळा सारवायचो. तपासणीचे साहेब नेमके गुरुवारीच टपकले. सारवण ओलं, आणि साहेब बुटांसकट आत. माझ्या हातचं सारवण! मी ओरडले, "रुकिए! जूते उतारिए!"

पाटलांचा चेहरा पांढराफटक पडला. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि वाकून बूट काढले. मला त्याचं काहीच नवल वाटलं नाही. उर्दूत सांगितलं होतं ना.

साहेब हसले. त्यांनी विचारलेल्या प्रश्नांना आम्ही पटापट उत्तरं दिली. मग त्यांनी पुस्तक मागवलं. ते कोरं करकरीत निघालं, आणि त्यातली एक ओळ कुणाला वाचता येईना. साहेब मौलवीसाबांना बाहेर घेऊन गेले. परत आल्यावर मौलवीसाब कुणी न सांगता खाली बसले.

पुढच्याच आठवड्यात त्यांची ट्रंक गाडीत चढली. आम्ही गाडीमागं धावत होतो आणि मला रडू आवरत नव्हतं. "मौलवीसाब, रुकिए! उतरिए! मत जाइए!" येत होते तेवढे सगळे हुकूम मी सोडले. ते जागचे हलले नाहीत. उर्दू संपली तेव्हा माझ्या तोंडून आपसूक निघालं, "आमाला सोडून जाऊ नका हो!"

मौलवीसाब वळले.

"रडू नको, माय," ते म्हणाले. "मी जिंतूरचाच हाय. माझ्या नाकाला तू काय काय म्हणलीस, समदं ध्यानात हाय माझ्या."