गोजरबाईचा नवरा जिवंत आहे

शांतवन सर चिडले, असं मिरजगावात सांगितलं तर लोक मलाच वेड्यात काढतील. मूळचे श्रीरामपूरचे, नोकरीसाठी आले आणि इथलेच झाले. आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं, पण कुणा पोरावर हात उगारला नाही. निवृत्त झाल्यावर घरात पेटी वाजवत बसायचं सोडून त्यांनी नसती उठाठेव अंगावर घेतली. आमच्या वस्तीवरच्या बायका गोधड्या शिवतात आणि परदेशात हातशिलाईला गिऱ्हाईक आहे, हे कळल्यावर सरांनी मोबाईलवरून थेट डेन्मार्कची एक कंपनी गाठली. तिकडची मापं बायकांना समजावायची, इकडच्या अडचणी तिकडे लिहायच्या. पार्सलं न्यायला माझा टेम्पो जुंपला. मी कुरकुरत नेली, पण नेली. कारण हे काम टिकलं, तर यंदा वस्तीवरच्या बायकांना ऊसतोडीला जावं लागणार नव्हतं.

उन्हाळ्यात कंपनीने वेबसाइटवर गोधड्या मांडल्या. सर मोबाईल घेऊन वस्तीवर आले. गोजरबाईच्या ओट्यावर सगळ्या जमल्या. पहिल्याच गोधडीशेजारी गोजरबाईचा फोटो. कंपनीचा माणूस फोटो काढायला आला त्या दिवशी ती कांद्याच्या रानातून आली होती, घामाने कुंकू पुसलं गेलं होतं.

"काय लिव्हलंय सर, वाचा की," ती म्हणाली.

सर वाचता वाचता थांबले. लिहिलं होतं, ही विधवा मेलेल्या नवऱ्याच्या कपड्यांची गोधडी शिवते आणि आपलं दुःख टाक्यांत ओवते. तिचा नवरा अजिनाथ समोर बसून तंबाखू मळत होता.

सरांनी थाप मारून वेळ मारून न्यायला हवी होती, असं मला वाटलं. त्यांनी सगळं जसंच्या तसं सांगितलं.

"मला रंडकी केली?" गोजरबाईचा हात कपाळावरच्या कुंकवाकडे गेला.

"म्हंजी मी मेलो व्हय?" अजिनाथ म्हणाला. कुणी हसलं नाही.

माझं डोकं फिरलं. अरे, गोधडी विकायची तर टाके दाखवा, ऊब दाखवा. बाईचा नवरा कशाला मारता? आमच्याकडे सवाष्णीला असं चेष्टेतही कुणी म्हणत नाही. म्हटलंच तर दात घशात जातात.

सरांनी तिथंच बसून कंपनीला लिहिलं, नवरा जिवंत आहे, मजकूर काढा. दुसऱ्या दिवशी गोड उत्तर आलं. चूक झाली, फोटो आणि मजकूर हटवलाय. पण अशी कहाणी असली की माल खपतो, म्हणून मोठी ऑर्डर देण्याआधी खऱ्या विधवेचा फोटो पाठवा. तुमच्याकडे एखादी असेलच.

"असेलच म्हणे, हरामखोर," सर म्हणाले आणि मोबाईल माझ्या टेम्पोच्या सीटवर आपटला.

पण ऑर्डर साऱ्या वस्तीची होती, त्यामुळे बायकांना सांगणं भाग होतं. सरांनी कुणाचं नाव घेतलं नाही. तरी सगळ्यांच्या नजरा बनुबाईकडे गेल्या. तिचा नवरा ऊसतोडीवर ट्रॅक्टर उलटून गेला होता. त्या फडात परत पाय ठेवणं तिच्या जिवावर येत होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

बनुबाईने पदर सारखा केला.

"काढा फोटू. पन मी सांगते तेच लिव्हायचं. माझा मानूस तुमच्या साखरंपायी मेला. गोधडीपायी न्हाई. त्याची कापडं त्याच्यासंगं जाळली. ह्या गोधडीत त्याचं काय बी न्हाई. ही म्या शिवलीय, चांगली शिवलीय, घ्यायची तर घ्या."

सरांनी एक शब्दही मऊ केला नाही. फोटोसकट पाठवून दिलं.

कंपनीने कळवलं की हे वाचून आम्हाला फार वाईट वाटलं, पण गिऱ्हाइकाला इतकं दुःख नको असतं. ऑर्डर तूर्तास थांबवत आहोत.

परवा ऊसतोडीचा मुकादम वस्तीवर येऊन हंगामाची आगाऊ उचल वाटून गेला. बनुबाईनेही घेतली.