तुलनेची गल्ली

"नुसतं विचारून कसं उठायचं गं?" असं म्हणत ताई प्रश्नांची उत्तरं भरायचा टॅबलेट पिशवीत घालायच्या आणि बसूनच राहायच्या. माझी चुळबुळ सुरू व्हायची. पुढची घरं बाकी असायची.

कुणाकडे रिकाम्या हातानं गेल्याची टोचणी दिवसभर बाळगणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आमचं तर कामच रिकाम्या हातानं जायचं होतं. लखनौच्या चौक भागात एका संस्थेचं केंद्र होतं. चिकनचं भरतकाम करणाऱ्या आयांना तिथं धंद्याचे आणि बँकेचे व्यवहार शिकवायचे, त्याच वेळी शेजारच्या खोलीत त्यांच्या मुलांचा वर्ग चालायचा. आई आणि मूल एकदम सावरलं तर घर सावरेल, असा हिशेब. तो खरा ठरतो का, हे आम्ही तपासायचं. एका गल्लीला केंद्र मिळालं होतं. पलीकडच्या गल्लीला काहीच नाही, फक्त आमचे प्रश्न. कारण तिच्याशी तुलना करायची होती. फरक दिसला की तिथंही केंद्र निघणार होतं. ही तुलनेची गल्ली माझ्या आणि माझ्याबरोबर काम करणाऱ्या ताईंच्या वाट्याला आली.

ताई मूळच्या नागपूरच्या. नवऱ्याच्या रेल्वेतल्या नोकरीमुळे मानक नगरला राहायच्या. माफी मागण्याची त्यांना भारी हौस! रिक्षावाल्याला पत्ता विचारतानाही आधी "माफ करना भैया". घरी लेकीला मराठीत रागवायच्या, ती हिंदीत उलट बोलायची आणि शेवटी माफी ताईच मागायच्या.

त्या गल्लीत एक भरतकाम करणारी बाई दर खेपेला ताईंना विचारायची, "बाजी, हमारे यहाँ सेंटर कब खुलेगा?" तिची चिमुरडी मांडीला टेकून बसलेली असायची.

"बस, थोड़ा और रुक जाइए," ताई म्हणायच्या आणि त्यांची मान खाली जायची.

एका दुपारी मी त्यांना शोधत मागं फिरले. पाहते तो काय, ताई ओट्यावर पोरं जमवून अक्षरं गिरवून घेत होत्या. आया बाजूला बसून टाके घालत होत्या, आणि दलालाला टाळून माल थेट दुकानात कसा द्यायचा, तेही ताई मध्येच त्यांना समजावत होत्या.

"ताई, हे आपल्याला चालत नाही."

"ठाऊक आहे गं. पण माझी लेक शाळेत जाते, आणि या लेकरांना मी फक्त प्रश्न विचारू?"

मी वर कुणाला कळवलं नाही. खरं सांगते, मला ते आवडलं होतं.

मग निकालाची बैठक भरली. दोन्ही गल्ल्या सारख्याच सावरलेल्या! पैसा पुरवणाऱ्यांची माणसं म्हणाली, केंद्रामुळे काही फरकच पडत नाही. ताई उठून उभ्या राहिल्या.

"सर, फरक पड़ता है. उस गली में मैं सिखाती थी. गलती मेरी है, सेंटर की नहीं."

पैसा पुरवणाऱ्यांच्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि आमची सगळी माहितीच बाद ठरवली. पहिल्यापासून पुन्हा करायला कुणी तयार नव्हतं. केंद्राला कुलूप लागलं. ताईंनी माझं नाव घेतलं नाही, आणि मीही उभी राहिले नाही. त्याची मला अजून लाज वाटते.

त्यांनी नोकरी सोडली. जाताना मला बजावलं, "त्या बायांना स्पष्ट सांग, माझ्यामुळे गेलं म्हणून."

मी सांगितलं. सगळं सांगितलं. त्या भरतकाम करणाऱ्या बाईनं सुई कापडात खोचली. मग म्हणाली, "वो तो हमारे लिए ही बैठती थीं न? उनसे कहिए, आ जाएँ. बिटिया रोज़ पूछती है."

घरी आल्यावर ताईंना फोन लावला.

"शिव्या देतात का गं मला?"

"नाही ताई. वाट बघतायत."

 

"शिव्या दिल्या असत्या तर गेले असते मी," त्या म्हणाल्या. "ऐकून घेतल्या असत्या आणि पोरांना घेऊन बसले असते. आता कुठल्या तोंडानं जाऊ?"