आक्काताईंना घरी सोडायचं

राजारामपुरीतली एक कंपनी दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. हातकणंगल्याची सबिना तिथं टेस्टर होती. खोटा पेशंट दाखल करायचा, बेड द्यायचा, घरी सोडायचं आणि सॉफ्टवेअर कुठं चुकतंय ते हुडकायचं. हे तिला शिकवलं कोडोलीच्या अक्षतानं. अक्षताचा खोटा पेशंट ठरलेला होता, आक्काताई, म्हणजे तिची आई. खऱ्या आक्काताई दवाखान्यातून परत आल्याच नाहीत, म्हणून लेक त्यांना रोज स्क्रीनवर बरं करून घरी पाठवायची. बाकीचे हसायचे. हसणाऱ्यांच्या आया जिवंत होत्या.

मग कंपनी चालवणाऱ्या धैर्यशील सरांनी फर्मान काढलं: हातानं तपासणं बंद, टेस्ट कोडमध्ये लिहायच्या, जमेल तो राहील. सबिना ईर्ष्येला पेटली. सुरुवातीला तिच्या टेस्ट सारख्या आपटायच्या. पान उघडायच्या आतच कोड बटण शोधायला धावायचा. त्याला थांबायला शिकवलं, तेव्हा कुठं जमलं. पण तपासायचं काय, हे ती अक्षतालाच विचारायची. आणि ती भाबडी सांगायची, "घरी सोडल्यावर बेड मोकळा झालाय का बघ की. तिथंच गंडतंय त्ये."

अक्षताचं सगळं डोकं असं सबिनाच्या फाइलीत उतरलं. टेस्ट पास होऊन स्क्रीनवर हिरव्या झाल्या, कोड न जमलेल्या अक्षताची नोकरी गेली. सबिनाला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याचीच लाज वाटली.

जाताना अक्षता म्हणाली, "आईचं नाव ऱ्हाऊ दे. तिला तेवढं घरी सोडत जा."

"सोडीन की," सबिना म्हणाली.

पुढं सरांनी मृत्यूच्या नोंदीची टेस्ट मागितली. सबिनानं घाईत लिहिलं: यादीतला पहिला पेशंट घे. पहिलं नाव कुणाचं, ते पाहिलंच नाही. टेस्ट रोज हिरवी व्हायची, आणि हिरवी टेस्ट कोण उघडून बघतंय?

एकदा ती लाल झाली, म्हणून उघडली. आक्काताई, मृत. आदल्या दिवशीही मृत. त्याच्या आदल्या दिवशीही.

त्याच आठवड्यात अक्षताचा फोन आला. ती आता कापडाच्या दुकानात उभी असते. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिनं विचारलं, "आई जाती न्हवं घरी?"

"व्हय की. रोज जाती," सबिना म्हणाली.

फोन ठेवून तिनं मृत्यूच्या टेस्टमध्ये आक्काताईंच्या जागी स्वतःचं नाव घातलं आणि टेस्ट चालवली. हिरवी झाली.