डावीकडची उघडी काच

आबांचा फोन आला तेव्हा मी जळगावात एका सभेची पत्रकं मोजून बांधत होते. "अक्का गेली," ते म्हणाले. मागे साक्रीच्या बाजाराचा गलका होता. "गाडीतच गेली. दुपारी म्हने जराशी पडते, अन् उठलीच नाई."

आबा माझे थोरले काका, फैजपूरचे. अक्का त्यांची बायको, साक्रीकडच्या डोंगरातल्या गावची; आमच्याकडच्या 'हाये'ला ती तिच्या बोलीत 'शे' म्हणायची. थंडी पडली की केळीची बाग भावांच्या भरवशावर टाकून दोघं निघायची. एका शाळेची जुनी मिनीबस आबांनी घेतली होती. सीटा काढून तिच्यात पलंग बसवला, शेगडी ठेवली, पाण्याची टाकी लावली. आम्ही तिला घरगाडी म्हणायचो. फैजपूर ते साक्री हा काही महिन्यांचा रस्ता नाही, पण त्यांना तेवढे लागायचे, कारण वाटेतल्या प्रत्येक आठवडे बाजारात गाडी थांबायची आणि अक्का पत्रकं वाटायची. दारूबद्दल, सातबाऱ्यावर बाईचं नाव लावण्याबद्दल, डाकीण ठरवून बायांना गावाबाहेर काढणाऱ्यांबद्दल. मी वाचायला शिकले ती त्याच पत्रकांवर. मोठ्यानं वाचलेली पहिली ओळ अजून पाठ आहे: मेलेलं माणूस परत येत नाही, त्याच्या नावानं जिवंत बाईला छळू नका.

त्या गाडीला डावीकडचा आरसा नव्हता. पहिल्याच हिवाळ्यात दोंडाईच्याच्या बाजारात एका बैलगाडीनं तो उडवला. नवा बसवू बसवू म्हणता राहून गेला, आणि तोवर अक्काला डावीकडे बसून सांगायची सवय लागली. काच खाली, कोपर बाहेर, डोक्याला तपकिरी शाल. "थांब... येवू दे त्याले... हां, मोकळं शे." मग आबा गाडी काढायचे. पुढे आरसा लावायला कोणी सुचवलं की दोघंही हसायची.

कॉलेजात असताना मी तिच्याशी यावरून भांडले होते. त्या दिवशी शेतात कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भरताची वांगी भाजत होतो. म्हटलं, "बाईच्या हक्काची पत्रकं वाटतेस आणि जन्मभर डावीकडे बसतेस. स्टिअरिंग कायम त्यांच्याच हातात का?" तिनं वांगं उलटलं, बोटं फुंकली. "तो समोरनं देखस. बाजूतीन कोन येस ते मी सांगस. मी नई बोलनू ते त्यानी गाडी हालस का, इचार त्याले." आबा खाली मान घालून मिरच्या ठेचत होते. "नाई हालत बा," म्हणाले.

या हिवाळ्यात तिची छाती भरलेली होती. डॉक्टरांनी थंडी टाळायला सांगितलं होतं. तिला घरातच ठेवायचं असं सगळ्यांनी ठरवलं, मीही त्यांच्यातच होते. तिनं शाल गुंडाळली. "मी काय गाडगं शे का, घरमा ठेवाले? माले साक्रीना बाजार देखना शे." म्हाताऱ्या बाईनं उरलेला श्वास कुठे घ्यायचा हे तिला सोडून बाकीच्यांनी ठरवायचं, याविरुद्ध मी व्यासपीठावर तावातावानं बोलले असते. तेच ती मला अंगणात ऐकवत होती. ती निघाली, आणि साक्रीपर्यंत पोचली.

दहावं तिच्या गावीच झालं. माझा भाऊ म्हणाला, गाडी इथेच भंगारात देऊ; नाहीतर निदान आरसा लावू, मी चालवत आणतो. आबा म्हणाले, "तिची गाडी हाये. घरी मीच नेईन. आरसा नको." आबांच्या थकलेल्या हातांना स्टिअरिंग पेलेल का, ही भीती सगळ्यांच्या तोंडावर होती. मग मी डावीकडे बसले. सीटवर शाल तशीच होती. मी ती मांडीवर घेतली.

साक्रीबाहेरच्या पहिल्याच फाट्यावर आबांनी गाडी थांबवली. मी वाकून पाहिलं, म्हटलं, "मोकळं आहे, आबा." गाडी हलली नाही. मागून हॉर्न वाजू लागले. आबा समोर बघत होते, मान थोडी डावीकडे कललेली, कुणाचं ऐकत असल्यासारखी... मग त्यांनी हळूच मान हलवली आणि गियर टाकला. दोंडाईचा, शिरपूर, चोपडा, प्रत्येक वळणावर हेच. मी बोलायचे, ते थांबून राहायचे, आणि मग कधीतरी त्यांची मान हलायची. चोपड्यानंतर मी बोलणंच सोडलं.

फैजपूरच्या अलीकडे, घराच्या वळणावर, माझे डोळे भरून आले होते. बाहेरचं दिसत नव्हतं. गाडी वळू लागली आणि आबांनी कचकन ब्रेक दाबला. केळीच्या घडांनी भरलेला ट्रॅक्टर डावीकडून, माझ्या कोपराला घासेल इतक्या जवळून गेला. मी काही सांगितलं नव्हतं. आबांनी काही विचारलंही नाही. ट्रॅक्टर गेल्यावर ते पुटपुटले, "मोकळं शे." आबा फैजपूरचे. आयुष्यात त्यांच्या तोंडून 'शे' मी ऐकलं नव्हतं.

मेलेलं माणूस परत येत नाही, हे मी आजही छापते, वाटते, आणि त्यावर कुणाशीही भांडेन. गाडी आता अंगणात उभी आहे. तिची डावीकडची काच आबा वर करू देत नाहीत. परवा वादळी वारं सुटलं, सीटवर धूळ आणि केळीच्या वाळक्या पानांच्या चिंध्या येऊन पडल्या. काच लावायला म्हणून मी आत चढले. शाल झटकली, घडी केली, जागेवर ठेवली. हात काचेच्या दांडीवर गेला... आणि मी तो मागे घेतला.