आगाऊ शून्यं

चष्म्याच्या दुकानात आठवडाभर लोकांकडून बारीक अक्षरं वाचून घेणारा हा माणूस रविवारी समुद्रकिनाऱ्यावर कप्तान व्हायचा. बुडणाऱ्यांना वाचवायला बिनपगारी येणारी सात-आठ माणसं, एक लाकडी मनोरा, एक शिट्टी आणि श्वास तपासायचं यंत्र, एवढंच त्याचं राज्य. पण तोरा असा की भरतीसुद्धा त्यालाच विचारून येत असावी.

दारू किंवा कसलीही नशा केली असेल तर ड्यूटी नाही, असा या जीवरक्षक मंडळाचा नियम होता. नियम चांगलाच होता. कप्तानाला त्याचा चढलेला माज तेवढा सोसवत नसे. सगळ्यांना रांगेत उभं करायचं, नळीत फुंकायला लावायचं आणि वहीत नावापुढे आकडा मांडायचा. बेकरीवाल्याने भाच्याच्या लग्नात दोन ग्लास घेतले आणि सकाळी यंत्राने चुगली केली, तेव्हा कप्तानाने त्याला चारचौघांत झापलं, "लाज वाटते का? लोकांचा जीव आपल्या हातात असतो!" आणि महिनाभर घरी बसवलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. आमचा पाषाण मात्र कोरडाही नव्हता.

घरून निघताना तो छातीला ऊब म्हणून दोन झाकणं ब्रँडी घ्यायचा. झाकण बाटलीचं नव्हे, थर्मासचं. स्वतः फुंकायची वेळ त्याच्यावर कधी आली नाही, कारण यंत्र त्याच्याच हातात असायचं. वहीत मात्र त्याच्या नावापुढे नेमाने शून्य.

यंदा त्याची मुलगी जीवरक्षकाची परीक्षा पास होऊन मंडळात आली. आपण लेकीच्या शेजारी मनोऱ्यावर बसणार, हे त्याने दुकानातल्या एकाही गिऱ्हाइकाला ऐकवायचं सोडलं नव्हतं. पहिल्या रविवारी त्याने मोठ्या कौतुकाने वही आणि यंत्र तिच्या हाती दिलं.

"आज तू तपास."

तिने वही उघडली. आजच्या पानावर बाबांच्या नावापुढे शून्य. पान उलटलं, पुढच्या रविवारीही शून्य. त्याच्या पुढच्याही. हंगाम संपेपर्यंतची सगळी शून्यं एकाच शाईत, एकाच बैठकीत काढलेली.

"बाबा, फुंका."

"अगं, मी कप्तान आहे."

"म्हणून काय झालं? फुंका."

सगळे बघत होते, बेकरीवाला तर अगदी मन लावून. कप्तानाने फुंकलं आणि यंत्र कोकललं.

"औषध आहे ते. दोनच झाकणं..."

"शिट्टी द्या." तिने हात पुढे केला.

शिट्टी बेकरीवाल्याच्या गळ्यात गेली. कप्तान कट्ट्यावर जाऊन बसला आणि मनातल्या मनात लेकीचा उद्धार करू लागला. खाल्ल्या घरचे वासे मोजते! दोन झाकणांनी माणसाला काय होतं? हे बघा, समोर सगळा समुद्र स्वच्छ दिसतोय. बघूनच दाखवतो, म्हणून तो पाण्यावर नजर रोखून बसला.

तेवढ्यात शिट्टी कर्कश्श वाजली. मुलगी धावत पाण्यात शिरली. तेव्हा कुठे कप्तानाला खडकाच्या अलीकडे, अगदी नाकासमोर, वर गेलेला एक हात दिसला. तो ताडकन उठला आणि तोल जाऊन कट्ट्यालाच धरून राहिला.

मुलीने बाईला बाहेर आणलं. बाई खोकली, रडली, जगली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कप्तान मात्र त्या खडकाकडेच बघत राहिला. तो हात किती वेळ वर होता? आपण तर मघापासून तिकडेच बघत होतो.

गर्दी पांगल्यावर तो मनोऱ्यापाशी आला. लेकीच्या नजरेला नजर न देता त्याने वही मागून घेतली, खाली वाळूत बसला आणि आपलं एकेक शून्य खोडू लागला. त्याला कुणीही अडवलं नाही.